मोटारगाडीच्या इंजिनाची अश्वशक्ती

अश्वशक्ती हे शक्तीचे, म्हणजेच कार्य करण्याच्या दराचे, एकक आहे. मोटारगाडीच्या संदर्भात इंजिन दर सेकंदाला किती कार्य करू शकते हे या एककाने सांगितले जाते. बोलीभाषेत 'एचपी' आणि गाड्यांच्या माहितीपत्रकांत 'बीएचपी' किंवा 'पीएस' ही रूपे आढळतात. शेतातील पाण्याचे पंप आणि ट्रॅक्टर यांची क्षमताही याच एककाने ओळखली जाते. अश्वशक्ती हा इंजिनाचा स्थिर गुणधर्म नसतो. ती इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे, हवेच्या घनतेप्रमाणे आणि मोजण्याच्या जागेप्रमाणे बदलते. त्यामुळे दोन गाड्यांच्या अश्वशक्तीची तुलना करताना ती किती फेऱ्यांना, कोठे आणि कोणत्या मानकानुसार मोजली हे पाहणे आवश्यक ठरते.

## संकल्पनेचा उगम

हे एकक स्कॉटिश अभियंता जेम्स वॉट याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केले. वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांची वाफेची इंजिने प्रथम खाणींतील पाणी उपसण्यासाठी वापरली जात. तेथे जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचे, त्याच्या किमतीच्या एकतृतीयांश रक्कम ते ग्राहकाकडून घेत. गिरण्या आणि मद्यनिर्मितीचे कारखाने मात्र घोड्यांवर चालत. तेथे वाचणारा कोळसाच नव्हता. एक इंजिन किती घोड्यांची जागा घेईल, हाच त्या ग्राहकांचा प्रश्न होता.

वॉटने १७८२-८३ च्या सुमारास यासाठी हिशेब मांडला. गिरणीचा घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंड बलाने ओढतो, असे त्याने गृहीत धरले. यावरून मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड कार्य होते. ही संख्या पूर्णांकात घेऊन त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, म्हणजे सेकंदाला ५५० फूट-पौंड, ही एक अश्वशक्ती ठरवली. सामान्य घोडा दिवसभर या दराने काम करू शकत नाही. उलट काही सेकंदांपुरता तो याच्या कितीतरी पट शक्ती देऊ शकतो. अश्वशक्ती हे त्यामुळे घोड्याच्या ताकदीचे अचूक माप नसून एक ठरवून घेतलेले एकक आहे.

## एकके

प्रचारात असलेली प्रमुख एकके पुढीलप्रमाणे आहेत.

* यांत्रिक अश्वशक्ती (एचपी) : सेकंदाला ५५० फूट-पौंड, ७४५.७ वॅट. ब्रिटन आणि अमेरिकेत हे एकक रूढ झाले.
* मेट्रिक अश्वशक्ती (पीएस) : ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात १ मीटर उचलण्यास लागणारी शक्ती, ७३५.५ वॅट. 'पीएस' ही अक्षरे अश्वशक्तीसाठी असलेल्या जर्मन शब्दावरून आली आहेत.
* किलोवॅट : आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतील एकक. १ किलोवॅट म्हणजे १.३४१ यांत्रिक किंवा १.३६ मेट्रिक अश्वशक्ती.

मेट्रिक अश्वशक्तीची कल्पना विहिरीवरून करता येते. १० मीटर खोलीवरून ७५ लिटर पाणी १० सेकंदांत वर आणणारा पंप पाण्याला एक मेट्रिक अश्वशक्ती पुरवत असतो. यांत्रिक आणि मेट्रिक अश्वशक्तीत सुमारे १.४ टक्क्यांचा फरक आहे. १०० यांत्रिक अश्वशक्तीचे इंजिन मेट्रिक एककात १०१.४ अश्वशक्तीचे भरते.

## टॉर्क, फेरे आणि शक्ती

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळते, तयार झालेल्या वायूंच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो आणि भुजादंड फिरतो. भुजादंडाला मिळणाऱ्या या पिळाला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर, तर शक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने वापरला जातो याचे माप. दोहोंचा संबंध असा :

शक्ती (किलोवॅट) = टॉर्क (न्यूटन-मीटर) × मिनिटाचे फेरे ÷ ९,५४९

शक्ती (मेट्रिक अश्वशक्ती) = टॉर्क (न्यूटन-मीटर) × मिनिटाचे फेरे ÷ ७,०२४

या सूत्रांमुळे माहितीपत्रकातील दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. भारतात २०१८ साली आलेली मारुती सुझुकी स्विफ्ट ही गाडी पेट्रोल आणि डिझेल अशा दोन इंजिनांसह मिळत असे. १,१९७ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाची कमाल शक्ती ६,००० फेऱ्यांना ८३ मेट्रिक अश्वशक्ती आणि कमाल टॉर्क ४,२०० फेऱ्यांना ११३ न्यूटन-मीटर होता. १,२४८ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनासाठी हेच आकडे ४,००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती आणि २,००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर असे होते.

सूत्र वापरल्यास पेट्रोल इंजिन कमाल टॉर्कच्या बिंदूवर, ४,२०० फेऱ्यांना, सुमारे ६८ अश्वशक्ती देते. ६,००० फेऱ्यांना टॉर्क सुमारे ९७ न्यूटन-मीटरपर्यंत उतरतो, तरीही फेरे वाढल्यामुळे शक्ती ८३ पर्यंत चढते. त्यापुढे टॉर्क फेऱ्यांच्या वाढीपेक्षा अधिक वेगाने घटतो आणि शक्तीही उतरू लागते. डिझेल इंजिनाची कमाल शक्ती पेट्रोलपेक्षा कमी असली, तरी २,००० फेऱ्यांनाच ते सुमारे ५४ अश्वशक्ती देते. घाट चढताना किंवा गर्दीत वेग घेताना डिझेल गाडी अधिक दमदार वाटते, याचे कारण हेच आहे. चालक रोज ज्या फेऱ्यांमध्ये गाडी चालवतो, तेथील शक्ती कमाल आकड्यावरून कळत नाही.

## शक्ती कोठून येते

इंजिनाच्या शक्तीला खरी मर्यादा हवेची असते. हव्या त्या प्रमाणात इंधन सोडणे सोपे आहे. ते जाळण्यासाठी पुरेशी हवा सिलिंडरमध्ये भरणे अवघड आहे. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. म्हणून शक्ती वाढवण्याचे मार्ग मुख्यत्वे तीन आहेत : सिलिंडरचे आकारमान वाढवणे, मिनिटाचे फेरे वाढवणे, किंवा प्रत्येक भरणीत अधिक हवा कोंबणे. टर्बोचार्जर हे तिसरे काम करतो. मिळालेल्या मिश्रणातून अधिक कार्य काढण्यासाठी संपीडन गुणोत्तर वाढवले जाते, मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते.

आकारमान सारखे असूनही शक्तीत मोठा फरक पडू शकतो. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या आणि टॅक्सी म्हणून प्रसिद्ध झालेल्या प्रीमियर पद्मिनी या गाडीचे १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देत असे. वर उल्लेखिलेले स्विफ्टचे पेट्रोल इंजिन आकारमानाने फक्त एकदशांशाने मोठे असूनही दुपटीहून अधिक शक्ती देते. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, कार्बुरेटरऐवजी संगणक-नियंत्रित इंधन फवारणी, अधिक संपीडन आणि अधिक फेरे घेण्याची क्षमता यांमुळे हा फरक पडला. 'सीसी' या आकड्यावरून एकट्याने अश्वशक्ती ठरवता येत नाही, ती याच कारणाने.

### उंची आणि हवामान

समुद्रसपाटीपासून वर जाताना हवा विरळ होते आणि टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे हवेची घनता मुंबईपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी कमी असते. लडाखमधील ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत ती ४० टक्क्यांहून अधिक कमी भरते. तेथे ८३ अश्वशक्तीचे इंजिन ५० अश्वशक्तीही देऊ शकत नाही. उष्ण हवा थंड हवेपेक्षा विरळ असल्याने उन्हाळ्यातील दुपारीही शक्ती थोडी घटते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत उंचीचा परिणाम बराच कमी जाणवतो.

## मोजमापाचे प्रकार

एकाच इंजिनाची शक्ती तीन ठिकाणी मोजता येते आणि तीन वेगळे आकडे मिळतात.

* सूचित अश्वशक्ती : सिलिंडरमधील वायूंच्या दाबावरून काढलेली शक्ती. वॉट आणि त्याचा सहकारी जॉन सदर्न यांनी विकसित केलेल्या 'इंडिकेटर' या दाबलेखक उपकरणावरून हे नाव पडले.
* ब्रेक अश्वशक्ती : इंजिनातील अंतर्गत घर्षण वजा जाता भुजादंडावर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती. 'बीएचपी' म्हणतात ती हीच.
* चाकांवरील अश्वशक्ती : क्लच, दंतचक्रपेटी आणि आस यांतील घट वजा जाता चाकांपर्यंत पोचणारी शक्ती. हाताने गिअर बदलण्याच्या साध्या गाडीत ही घट साधारण १० ते १५ टक्के धरली जाते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत ती अधिक असते.

'ब्रेक' या शब्दाचा गाडी थांबवण्याच्या ब्रेकशी थेट संबंध नाही. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ साली फिरत्या दंडाभोवती लाकडी ठोकळे आवळून त्यांच्या घर्षणावरून टॉर्क मोजण्याची रचना केली. तिला प्रोनी ब्रेक म्हणतात. पुढे १८७७ साली विल्यम फ्राउड याने घर्षणाऐवजी पाण्याच्या विरोधावर चालणारे शक्तिमापक तयार केले. अशा यंत्रांना डायनॅमोमीटर म्हणतात. आधुनिक डायनॅमोमीटर पाण्यावर किंवा विद्युतचुंबकीय विरोधावर चालतात. ते प्रत्यक्षात टॉर्क आणि फेरे मोजतात. अश्वशक्ती त्यांवरून गणिताने काढली जाते. गाडी जड रोलरवर चढवून चाकांवरील शक्ती मोजणारी यंत्रेही वापरात आहेत. दुरुस्ती कार्यशाळांत मिळणारा आकडा सहसा चाकांवरचा असतो. तो माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा कमी आला, एवढ्यावरून इंजिन बिघडले असा निष्कर्ष काढता येत नाही.

## मानके

अमेरिकेत १९७१ पर्यंत बहुतेक कंपन्या 'स्थूल' अश्वशक्ती जाहीर करत. या चाचणीत इंजिन गाडीतून बाहेर काढून, हवागाळणी, नेहमीची धूर-नलिका आणि इंजिनावर भार टाकणारी बरीच उपसाधने न लावता चालवले जाई. १९७२ च्या गाड्यांपासून ही उपसाधने लावून मोजलेली 'निव्वळ' अश्वशक्ती देण्याची पद्धत सर्वत्र झाली. कॅडिलॅक एल्डोराडो या गाडीचे ८.२ लिटरचे इंजिन १९७१ साली ३६५ स्थूल अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले. १९७२ साली तेच इंजिन २३५ निव्वळ अश्वशक्तीचे म्हणून नोंदले गेले. इंजिन जवळजवळ तेच होते. बदलली होती ती मोजण्याची पद्धत.

सध्याच्या मानकांत चाचणीच्या दिवसाचे तापमान, वायुदाब आणि आर्द्रता नोंदवून निकाल संदर्भ परिस्थितीत रूपांतरित केला जातो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५८५ आणि अमेरिकी मानक एसएई जे १३४९ यांत ही परिस्थिती २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल शुष्क वायुदाब अशी आहे. भारतात नव्या वाहनांच्या नमुन्यांची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मान्यताप्राप्त संस्थांकडून केली जाते. १९६६ साली स्थापन झालेली पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक प्रमुख संस्था आहे.

## करासाठीची अश्वशक्ती

काही देशांत कर आकारण्यासाठी अश्वशक्ती न मोजता सूत्राने ठरवली जाई. ब्रिटनमध्ये १९१० पासून वापरात आलेल्या सूत्रात सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५ असा हिशेब होता. त्यात दट्ट्याच्या फेकीची लांबी आणि फेरे यांचा विचार नव्हता. कर वाचवण्यासाठी ब्रिटिश निर्माते अरुंद व्यासाची, लांब फेकीची इंजिने बनवू लागले. ऑस्टिन सेव्हन या गाडीच्या चार सिलिंडरांचा व्यास २.२ इंच असल्याने तिची करपात्र अश्वशक्ती ७.७ भरे, तर तिच्या ७४७ घनसेंटिमीटर इंजिनाची प्रत्यक्ष शक्ती १० अश्वशक्तीच्या आसपास होती. फ्रान्समधील सिट्रोएन २ सीव्ही या गाडीच्या नावातील '२' हाही करासाठीचा आकडा आहे. १९४८ सालच्या ३७५ घनसेंटिमीटरच्या मूळ इंजिनाची प्रत्यक्ष शक्ती ९ अश्वशक्ती होती.

## अंदाज करण्याच्या पद्धती

डायनॅमोमीटर उपलब्ध नसताना अश्वशक्तीचा अंदाज पुढील पद्धतींनी करता येतो. उत्तरात साधारण १० टक्क्यांची चूक संभवते. म्हणून एकाहून अधिक पद्धती वापरून उत्तरे ताडणे श्रेयस्कर असते.

### आकारमानावरून

टर्बोचार्जर नसलेल्या आधुनिक पेट्रोल इंजिनाचा कमाल टॉर्क दर लिटरला साधारण ८० ते १०५ न्यूटन-मीटर असतो. कमाल शक्तीच्या फेऱ्यांना तो सुमारे ८५ टक्क्यांवर आलेला असतो. १.१९७ लिटरच्या इंजिनासाठी दर लिटरला ९० न्यूटन-मीटर धरल्यास कमाल टॉर्क १०८ आणि ६,००० फेऱ्यांना सुमारे ९२ न्यूटन-मीटर येतो. सूत्रात घातल्यावर सुमारे ७८ अश्वशक्ती मिळते. जाहीर आकडा ८३ आहे.

### हवा आणि इंधन यांवरून

चार फेकींच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. त्यामुळे ६,००० फेऱ्यांना १.१९७ लिटरचे इंजिन सेकंदाला सुमारे ६० लिटर हवेची जागा मोकळी करते. ती ८५ टक्के भरते असे मानल्यास ५१ लिटर, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम हवा आत येते. पूर्ण भारावर मिश्रण किंचित दाट ठेवतात. १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल धरल्यास सेकंदाला ४.६ ग्रॅम पेट्रोल जळते. पेट्रोलच्या दर ग्रॅममधून सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता मिळते, म्हणजे एकूण सुमारे २०३ किलोवॅट. यातील २८ ते ३२ टक्के भागच भुजादंडावर पोचतो. उत्तर ५७ ते ६५ किलोवॅट, अर्थात ७७ ते ८८ अश्वशक्ती येते. उरलेली उष्णता मुख्यतः धुरावाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर जाते.

### त्वरणावरून

ही पद्धत इंजिनाची माहिती नसतानाही चालते. गाडीचे वस्तुमान आणि ठरावीक वेग गाठण्यास लागणारा वेळ पुरेसा असतो. उदाहरणादाखल, चालकासह १,००० किलोग्रॅमची गाडी सपाट रस्त्यावर एकाच गिअरमध्ये ताशी ८५ वरून ९५ किलोमीटरपर्यंत १.९ सेकंदांत पोचली असे मानू.

१. वेगातील वाढ सेकंदाला २.७८ मीटर, त्वरण १.४६ मीटर प्रति वर्ग सेकंद. त्यासाठी लागणारे बल १,४६० न्यूटन. चाके आणि इंजिनाचे फिरते भाग यांसाठी ५ टक्के मिळवल्यास सुमारे १,५३५ न्यूटन.

२. हवेचा विरोध : ताशी ९० किलोमीटरला लहान गाडीसाठी सुमारे २४५ न्यूटन.

३. टायरांच्या फिरण्याला होणारा विरोध : सुमारे १२५ न्यूटन.

४. एकूण बल १,९०५ न्यूटन. त्याला सरासरी वेगाने, सेकंदाला २५ मीटरने, गुणल्यास चाकांवरील शक्ती सुमारे ४७.६ किलोवॅट.

५. वाटेतील घट १२ टक्के धरल्यास इंजिनाची शक्ती ५४ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७४ अश्वशक्ती.

हा त्या क्षणीच्या फेऱ्यांवरील आकडा आहे. कमाल शक्ती याहून थोडी अधिक असू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून तिचा वेग किती वेळात उतरतो हे मोजल्यास हवेचा आणि टायरांचा विरोध गृहीत धरावा लागत नाही. उतार आणि वारा यांची चूक टाळण्यासाठी चाचणी दोन्ही दिशांना करून सरासरी घेतात. अशा चाचण्या बंदिस्त चाचणी-मार्गावरच करणे योग्य असते. सार्वजनिक रस्त्यावर त्या धोकादायक ठरतात.

अमेरिकेतील पाव मैलाच्या शर्यतींत एक अनुभवसिद्ध सूत्र प्रचलित आहे. शेवटच्या टप्प्यावरील मैलांतील ताशी वेगाला २३४ ने भागून आलेल्या संख्येचा घन घ्यावा आणि त्याला पौंडांतील वजनाने गुणावे, म्हणजे अश्वशक्ती मिळते. मेट्रिक एककात २३४ ऐवजी ३७६.६ आणि पौंडांऐवजी किलोग्रॅमच्या २.२०५ पट घ्यावे लागते. १,००० किलोग्रॅमच्या गाडीने ताशी १२० किलोमीटर वेग गाठला, तर अंदाज सुमारे ७१ अश्वशक्ती येतो.

## शक्ती आणि वेग

एकसमान वेगाने जाण्यास लागणारी शक्ती कमाल शक्तीच्या मानाने फार थोडी असते. वरील गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर वेग टिकवण्यासाठी इंजिनाकडून सुमारे १४ अश्वशक्ती पुरते. बाकीची शक्ती चढ, ओव्हरटेकिंग आणि त्वरण यांसाठी राखीव असते. वेग वाढतो तशी हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८३ अश्वशक्तीच्या अशा गाडीचा कमाल वेग गणिताने ताशी सुमारे १७८ किलोमीटर येतो. शक्ती दुप्पट केली तरी तो सुमारे २२८ पर्यंतच जातो. गाडी किती चपळ आहे हे ओळखण्यासाठी एकूण अश्वशक्तीपेक्षा दर टन वजनामागे किती अश्वशक्ती आहे, हे गुणोत्तर अधिक उपयुक्त ठरते.

## विद्युत मोटारगाड्या

विद्युत मोटारीची शक्ती सहसा किलोवॅटमध्ये दिली जाते. शक्तीचे सूत्र तिलाही तसेच लागू पडते. मात्र तिचा कमाल टॉर्क गाडी स्थिर असतानाच मिळू लागतो आणि ठरावीक फेऱ्यांपुढे घटतो, त्यामुळे शक्ती बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळजवळ स्थिर राहते. मोटार आणि बॅटरी तापत असल्याने काही सेकंदांपुरती मिळणारी कमाल शक्ती आणि दीर्घकाळ मिळणारी शक्ती यांत मोठा फरक असू शकतो. म्हणून विद्युत गाडीच्या बाबतीत दिलेला आकडा किती वेळ टिकणारा आहे, हेही पाहावे लागते.